शब्द बरोबर, गाडी रद्द

१

लग्नाला पुरता महिना व्हायच्या आत ती कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागली, आणि पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांनी तिचं नाव बाजूला ठेवून तिला ‘नवरी’ करून टाकलं. तिनं हरकत घेतली नाही. एक तर ती मुळातच कमी बोलायची. शिवाय घरी तिला नुसतं ‘अगं’ म्हणत; त्यापेक्षा नवरी बरं.

खोली नगरपालिकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीच्या तोंडाला तोंड देऊन बसलेली. समोर मोठा बोर्ड आणि त्यावर गावात अलार्म बसवलेल्या प्रत्येक घराचा एकेक दिवा. ड्युटीवर आलं की मोबाईल कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. मोठ्या बाई म्हणजे या खोलीच्या प्रमुख. त्यांचा देवापेक्षा नियमावर जास्त विश्वास होता, आणि नियम तरी त्यांच्या हाकेला धावून यायचा.

पूर्वी अलार्म झाला की घरावरचा भोंगा बोंबलायचा. मांजरानं उडी मारली तरी, वाऱ्यानं दार आपटलं तरी. शेजारी वैतागले, गस्तीचे गाडीवाले वैतागले, आणि शेवटी नगरपालिकेनं नियम बदलला. भोंगे उतरवले. आता घरं मुकाट्यानं ओरडायची. दिवा लागला की त्या घरच्या फोनवर फोन करायचा आणि उचलणाऱ्याला परवलीचा शब्द विचारायचा. शब्द बरोबर आला तर अलार्म चुकून लागला असं धरायचं, गाडी पाठवायची नाही. शब्द चुकला किंवा फोन उचललाच गेला नाही, तर गाडी. आणि एखाद्या घरी तीनदा गाडी फुकट गेली की ते घर वर्षभर ‘गाडीबाहेर’. दिवा लागेल, फोनही जाईल, पण गाडी काही केल्या जाणार नाही.

मशीनमध्ये नोंदवलेले लोकांचे शब्द वाचण्यात नवरीचा वेळ मजेत जायचा. एका वकिलानं ‘सत्य’ हा शब्द ठेवला होता आणि तो त्याला कधीच आठवायचा नाही. एका जोडप्यानं ‘शांतता’ ठेवला होता, आणि भांडणात काहीतरी फुटून अलार्म झाला की दोघंही तो शब्द फोनवर एकमेकांच्या वरताण ओरडून सांगायचे.

पण बोर्डाच्या एका कोपऱ्याकडे मात्र तिला हसत बघता यायचं नाही. तिथे तिच्या स्वतःच्या घराचा दिवा होता. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर घेऊन चालत. दुपारभर एकट्या असत म्हणून नवरीनंच हट्टानं घरात अलार्म बसवून घेतला होता आणि त्याचं बटण त्यांच्या गळ्यात घातलं होतं. त्यांनी ते पहिल्यांदा दाबलं ते गाडी खरंच येते का हे बघायला. फोन वाजत राहिला आणि त्या मटार सोलत राहिल्या. दुसऱ्यांदा दाबलं ते भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून. मोठ्या बाईंनी फोनवर शब्द विचारला, सासूबाईंनी उलट किती वाजले ते विचारलं. गाडी पुन्हा फुकट.

म्हणजे आता एकच खेप उरली होती. ती वाया गेली तर दुपारच्या त्या रिकाम्या घरात सासूबाई पडोत, जळोत, कोणी येणार नव्हतं.

२

त्या दुपारी शिंपीणबाईंच्या घराचा दिवा लागला. नवरीनं फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

बाईचा आवाज होता. धाप लागलेली, पण बोलण्यात अदब. शब्द विचारला तेव्हा आवाजानं आत एक लांब श्वास ओढला आणि ‘बाहुली’ असं सांगितलं. बरोबर होतं. “चुकून लागला हो,” आवाज म्हणाला. “तुम्हाला उगाच त्रास.” त्याच्या मागे कोणीतरी गादी झोडपत होतं. धप्, मग थोडं थांबून धप्. उन्हात गाद्या घातल्या असतील, असं नवरीला वाटलं, आणि आपल्याही घालायला हव्यात, असंही. तिनं गाडी रद्द केली.

त्यानंतर काही दिवसांनी निवृत्त मास्तरांच्या घराचा दिवा लागला. फोन तसाच चटकन उचलला गेला. शब्दाआधी तोच लांब श्वास. “चुकून लागला हो. तुम्हाला उगाच त्रास.”

गाडी रद्द करून नवरीनं पुन्हा त्या नावाकडे पाहिलं. मास्तरांची बायको अलार्म नोंदवायला स्वतः इथे आली होती. तिचा घसा कायमचा बसलेला, शब्द कुजबुजल्यासारखे यायचे, म्हणून तर मोठ्या बाईंनी तिला तीनदा ‘जोरात बोला’ म्हणून दरडावलं होतं. हा आवाज तर धुतल्यासारखा स्वच्छ होता. आणि तो शिंपीणबाईंच्या घरातलाच होता.

तिनं धीर करून मोठ्या बाईंना सांगितलं. त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, की फोनवर सगळ्या बायका सारख्याच वाटतात, आणि शब्द आला ना, मग झालं. नवरीनंही स्वतःची समजूत घातली. औषधानं घसा सुटतो. शिवाय दिवसभर फोन घेऊन आपलेच कान किटले आहेत. नव्या माणसानं पहिल्याच महिन्यात असलं काहीबाही बोलू नये.

३

गाडीवाले काका म्हणजे गस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर. जाडजूड माणूस, दर खेपेला वर येऊन नवरीची फिरकी घेणार, नवरा कसा आहे, लाटणं अजून चाललं की नाही. त्या दिवशी ते आले आणि खुर्चीवर नुसते बसून राहिले.

शिंपीणबाई घरात मेलेल्या सापडल्या होत्या. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला वास आला म्हणून कळलं. अंगावरचे दागिने अंगावर, पेटीतले पैसे पेटीत. शिलाईचं मशीन, तेही जुनं, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचं, ते कोणीतरी उचलून त्यांच्या हातांवर घातलं होतं. एकदा नव्हे. जमिनीच्या फरशा आत दबल्या होत्या, काका म्हणाले, आणि हात कुठे संपतात आणि फरशी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

नवरीला गादी झोडपल्याचा तो आवाज आठवला.  मोठ्या बाईंनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, नोंद नीट आहे ना? शब्द मिळाला असं लिहिलंय ना?

मास्तर मात्र जिवंत होते. त्यांची बायको नव्हती. घर बंद झालं की अलार्मची पेटी काढून आणायची असा नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी काकांबरोबर नवरीला त्या घरी जावं लागलं.

बाहेरून घर शहाण्यासारखं उभं होतं. आत मात्र एकही वस्तू आपल्या जागी, आपल्या आकारात नव्हती. खुर्च्यांच्या काटक्या झालेल्या. कपाट पालथं, त्याची पाठ लाथांनी आत गेलेली. झोपायच्या खोलीच्या दाराला खांद्याच्या उंचीवर भोकं पडली होती आणि भोकांच्या कडांना पांढरे केस चिकटलेले. एवढ्या सगळ्या मोडतोडीच्या मधोमध तिपाई नीट उभी होती. तिच्यावर फोन. रिसीव्हर जागच्या जागी, वायरचे वेढे सरळ, जणू कोणी बोलणं संपवून पुसून ठेवला असावा.

पेटीचे स्क्रू काढता काढता काकांनी सांगितलं की हॉस्पिटलात मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतात. आम्ही दोघं कडी लावून खोलीत होतो. बाहेर फोन वाजला. कोणीतरी उचलला, आमचा शब्द सांगितला, माफीही मागितली. आम्ही दोघं घसा फाडून ओरडत होतो.

“घरात आम्ही दोघंच राहतो,” असं मास्तर म्हणाले होते.

पोलिसांनी लगेच निकाल लावला. टोळी आहे, तिच्यात एक बाई आहे, मारहाण करून शब्द वदवून घेतात. नवरीला हे पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं, म्हणून जास्तच पटलं.

४

घरी परतली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. नवरा आठवडाभर बाहेरगावी कामावर. सासूबाई स्वयंपाकघरात, फोनच्या खालच्या खुर्चीवर बसून चाकू घासत होत्या. अलार्मची पेटीही तिथेच, फोनच्या वर, तिचा बारीक हिरवा डोळा मिणमिणत.

नवरीनं सगळं सांगितलं नाही, पण शब्द बदलायला हवा एवढं सांगितलं. इतके दिवस ‘हत्ती’ होता. तो सासूबाईंनी शेजारणीलाही सांगून टाकला होता. आता असा शब्द हवा, की जो जगात कोणालाही ठाऊक नाही.

सासूबाईंना विचार करावा लागला नाही. त्यांनी नवरीला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, की त्यांच्या स्वतःच्या सासूला त्या मनातल्या मनात ‘शेगडी’ म्हणायच्या, कारण बाई सदा धुमसत असायची. हे त्यांनी नवऱ्यालाही मरेपर्यंत कळू दिलं नव्हतं.

“आणि मला काय म्हणता मनात?” नवरीनं विचारलं.

“अजून ठरलं नाही. महिनाच तर झालाय.”

दोघी हसल्या. मग सासूबाई सहज म्हणाल्या, की तू दुपारी फोन करतेस ना, जरा जास्त वेळ वाजू देत जा. आज मी वॉकर सावरून दारापर्यंत येते न येते तोच थांबला.

 दुपारी नवरीनं फोन केला होता आणि तो उचलला गेला होता. जेवलात का, म्हणून तिनं विचारलं होतं. ‘जेवले’ असं उत्तर आलं होतं. औषध घेतलं का? ‘घेतलं.’ धाप लागल्यासारखी वाटली होती, पण वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला धाप लागतेच.

दुखण्याच्या गोळ्यांनी सासूबाईंना गुंगी यायची. बोलल्याचं त्या विसरल्या असतील. नवरीनं हे स्वतःशी दोन-तीनदा म्हटलं. तरी तिनं घरातल्या सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर काठी फिरवली. धूळ, रिकामे डबे, लग्नात आलेली न उघडलेली खोकी. मग शेजारणीकडे जाऊन उद्या दुपारी आईंजवळ बसायला याल का म्हणून विनवलं. शेजारीण हो म्हणाली, पण चारपर्यंतच.

५

दुसऱ्या दिवशी कामाची इतकी झुंबड होती की नवा शब्द कंट्रोल रूमच्या मशीनमध्ये घालायचा राहून गेला. ही तिची चूक. अशी चूक त्या खोलीत काम करणाऱ्याशिवाय कोणाला करता आली नसती.

चार वाजून गेले होते. कोपऱ्यातला दिवा लागला.

नवरीचा हात फोनकडे गेला, पण मोठ्या बाईंनी तो बाजूला सारला. आपल्या घरचा फोन आपण करायचा नाही, हाही नियमच होता. त्यांनी स्वतः लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर चालूच असायचा. पहिल्याच घंटेला उचलला गेला. लांब श्वास.

“शेगडी,” आवाज म्हणाला. “चुकून लागला हो. तुम्हाला उगाच त्रास.”

मोठ्या बाईंनी मशीनकडे पाहिलं. तिथे ‘हत्ती’ होता. शब्द चुकीचा, गाडी पाठवा, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

 शब्द बरोबर होता. तो नवरीला आणि सासूबाईंना सोडून कोणालाच माहीत नव्हता, आणि तो कानात सांगितला होता, त्यांच्याच स्वयंपाकघरात. म्हणजे तेव्हा तिथे तिसरंही कोणीतरी ऐकत होतं. तरीही तिला हायसं वाटलं. गाडी निघाली होती. आपण विसरलो म्हणून गाडी निघाली.

थोड्या वेळानं काकांचा वायरलेस आला. म्हातारी ठणठणीत आहे. शेजारीण आत्ताच गेली म्हणते. बटण दाबलं नाही म्हणते, फोन वाजलाच नाही म्हणते. घरभर फिरून पाहिलं, कोणी नाही. आपल्यालाच चार शब्द सुनावले तिनं. आता गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली आहे, तिकडे कारखान्यात धूर दिसतोय.

मोठ्या बाईंनी तिसरी खेप फुकट म्हणून लिहिली आणि ते घर गाडीबाहेर केलं. नवरीनं तेव्हा शब्दाचं सांगितलं, अगदी तोतरं बोलत. कालच बदलला, घालायचा राहिला. मोठ्या बाई संतापल्या. म्हणजे म्हातारीनं बरोबर शब्द सांगितला आणि तुझ्या आळसापायी गाडी फुकट गेली? त्यांनी ताबडतोब ‘हत्ती’ खोडून ‘शेगडी’ घातला. त्या सासूबाई नव्हत्या, असं नवरी म्हणत राहिली. फोन वाजलाच नाही म्हणाल्यात त्या, मग बोललं कोण? मोठ्या बाईंनी यावर एवढंच म्हटलं, की साठीनंतर माणूस काय बोलतो ते त्याला आठवत नाही, आणि तुझी ड्युटी संपायला आता तासच राहिलाय, मग जा आणि विचार.

त्या हे बोलत असतानाच दिवा पुन्हा लागला.

पुन्हा फोन. पुन्हा तो श्वास. ‘शेगडी.’ आता शब्द बरोबर होता. आवाजाच्या मागे काहीतरी फुटत होतं, आणि त्याच्याही मागे, खूप आत, कोणीतरी नवरीला तिच्या खऱ्या नावानं हाका मारत होतं. मोठ्या बाईंनी फोन ठेवला.

“सांग तुझ्या सासूला,” त्या म्हणाल्या, “असं लागोपाठ दाबत राहिली तर दिवसभरासाठी जोडणीच काढीन. मग फोनही जाणार नाही. नियम आहे.”

नवरी तोवर जिन्यात होती. मोबाईल कपाटातच राहिला.

६

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच बुटाखाली काच कुरकुरली. बैठकीतला वॉकर भिंतीशी पडला होता, पिळलेल्या फडक्यासारखा. तिथपासून फरशीवर रक्ताचा एक रुंद पट्टा निघून बोळात वळला होता. माणूस सरपटत गेल्याचा.

बोळात डाव्या हाताला स्वयंपाकघर, टोकाला न्हाणीघर. स्वयंपाकघरात फोन वाजला आणि लगेच थांबला. तोच आवाज बोलू लागला. सासूबाईंनी पुन्हा बटण दाबलं होतं तर.

पुढे जायचं तर त्या उघड्या दारावरून जावं लागणार होतं. नवरी भिंतीला पाठ लावून सरकली. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण डोळा वळलाच. कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं होतं. अंगावर सासूबाईंचा घरात घालायचा गाऊन, उलटा. रिसीव्हर कानाला नव्हता. तो मानेच्या मागे, केसांत खुपसून धरला होता, आणि अदबीचं ते बोलणं त्या केसांतूनच येत होतं.

न्हाणीघराचं दार बंद होतं. तिनं बोटानं खाजवलं. आतून कुजबुज आली.

“शब्द सांग.”

“शेगडी. आई, मी आहे.”

“तो तर त्यालाही येतो.”

 या घरात बोललेलं सगळं त्यानं ऐकलं होतं. खूण म्हणून सांगण्याजोगं काही उरलंच नव्हतं. दाराखाली फट होती. “बोटं आत घाल,” आतून हुकूम आला. तिनं घातली. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्यावर काहीतरी जड आदळलं, सगळ्या ताकदीनिशी, आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

कडी सरकली. “दुखलं ना? म्हणजे तूच,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला दुखत नाही गं. मी चाकूनं पाहिलं.”

त्या नळाखाली बसल्या होत्या. एक हात कोपरापासून नको त्या दिशेला गेलेला, डोक्यावरची कातडी कानापर्यंत उलटलेली. धडधाकट हातात पितळी तांब्या. नवरीनं कडी लावली तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं संपलं होतं.

पावलं आली. घाई नव्हती. मग दारावर पहिला घाव बसला आणि बिजागरीतून चुना उडाला. दुसऱ्याला फळी तडकली, तिसऱ्याला फुटली आणि हात आत आला. नवरीनं सासूबाईंच्या हातातला तांब्या हिसकला आणि त्या बोटांवर घातला, पुन्हा घातला, हाडं मोडल्याचं तिला तिच्या स्वतःच्या मनगटात जाणवलं. हात मागे गेला नाही. मोडलेल्या बोटांनीच तो कडी चाचपू लागला. कडी सापडली.

सासूबाईंनी गळ्यातलं बटण दाबलं.

स्वयंपाकघरात फोन वाजला. हात थांबला. फुटलेल्या फळीतून सावकाश, काळजीपूर्वक बाहेर गेला. पावलं परत फिरली.

“दर वेळी जातं,” सासूबाई म्हणाल्या. “फोन घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही.”

नवरीला मोठ्या बाईंची आयुष्यात पहिल्यांदाच माया वाटली. दिवा लागला की फोन करायचा. त्या करणार. शंभरदा लागला तर शंभरदा करणार. तिनं फळीच्या भोकाला तोंड लावलं आणि बाई, गाडी पाठवा, मी नवरी, मी घरात आहे, असं छाती फुटेतो ओरडली.

स्वयंपाकघरातला आवाज क्षणभर गप्प झाला. मग हलकेच हसला. “आमच्या सासूबाई आहेत हो. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून बोलतात.”

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. पावलं. नवरीनं बटण दाबलं. घंटा. पावलं फिरली.

तिनं खुंटीवरचा मोठा टॉवेल ओढून खाली अंथरला आणि सासूबाईंना त्याच्यावर घेतलं. त्यांनी ओठ इतके चावले की हनुवटीवर रक्त आलं, पण आवाज काढला नाही. कडी काढून ती उलटी चालत बोळातून टॉवेल ओढू लागली. ओली फरशी होती म्हणून बरं, मग ओली कशानं आहे ते तिच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात बोलणं चालू होतं, पण मोठ्या बाई आता लांबण लावत नव्हत्या. श्वास, शब्द, संपलं. दोघी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायच्या आतच रिसीव्हर खाली आला.

चौकटीच्या अलीकडे, भिंतीला चिकटून नवरी थांबली. चौकट ओलांडली की बैठक, बैठकीपलीकडे उघडं दार, दाराबाहेर ऊन. फक्त एक घंटा हवी होती. ते भिंतीकडे तोंड करून उभं राहील तेवढ्यात टॉवेल पलीकडे जाईल.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. सासूबाईंनी बटण दाबलं.

आत दाराकडे येणारी पावलं थांबली. पेटीचा दिवा लाल झाला असणार, कारण ती वळली आणि फोनपाशी जाऊन उभी राहिली.

नवरीनं टॉवेलची टोकं मुठीत आवळली आणि घंटेची वाट पाहू लागली. सासूबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. घरात इतकी शांतता होती, की भिंतीपलीकडे कोणीतरी उत्तरासाठी आत ओढून धरलेला तो लांब श्वास तिला ऐकू येत होता.

फोन वाजला नाही.

पावलंही वाट पाहत उभी होती. मग त्यांनाही कळलं.